आधी निकाल, मग दर्शन : मुंबईतल्या अभ्यासदौऱ्यात धर्म आणि कायदा कसा शिकावा

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्रात एम.ए. करते. विद्यापीठाने 'धर्म, कायदा आणि धर्मनिरपेक्षता' या विषयावर मुंबईत दोन आठवड्यांचा अभ्यासदौरा ठेवला आहे. त्याला चार श्रेयांक आहेत. वर्गात शिकलो त्याहून वेगळं तिथे काय कळणार? तयारी काय करू? आमचं घर वारकरी, माझ्या गळ्यात माळ आहे. दर्ग्यात, चर्चमध्ये मी कसं वागावं? वडील म्हणतात, ही सहलच आहे, अभ्यास नुसता नावाला.

उत्तर : वडिलांची शंका आधी घेते, कारण ती रास्त आहे. असे कितीतरी दौरे खरोखरच सहली असतात. सकाळी सिद्धिविनायक, दुपारी हाजी अली, संध्याकाळी माउंट मेरी, मधे गेटवेवर फोटो आणि परत गेल्यावर 'विविधतेत एकता' अशा मथळ्याचा अहवाल. एवढंच होणार असेल तर त्याला श्रेयांक देऊच नयेत. मी मुंबईत घटनात्मक कायदा शिकवते. त्याआधी वकिली केली. गेली अनेक वर्षं इथल्या आणि परदेशातल्या विद्यार्थ्यांना घेऊन याच विषयासाठी हे शहर पायी फिरते आहे. दौरा सार्थकी लागतो की वाया जातो हे माझ्या मते एका गोष्टीवर ठरतं : ज्या जागी जायचं त्या जागेचा खटला तुम्ही आधी वाचला आहे का?

धर्मनिरपेक्षता म्हणजे राज्याने धर्मापासून लांब राहायचं, असं आपण परीक्षेत लिहून येतो. फ्रान्सने १९०५ मध्ये कायदा करून चर्च आणि राज्य वेगळं केलं. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती १७९१ ची. भारतात मात्र राज्य धर्माच्या दारातच उभं आहे. कधी ते दार उघडायला लावतं, कधी हिशेब मागतं, कधी भोंग्याचा आवाज मोजतं. घटनेचं २५वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवूनच. त्याच कलमात पुढे सार्वजनिक हिंदू देवस्थानं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. लगेच २६वं कलम धार्मिक संप्रदायांना सांगतं, तुमच्या धर्माचा कारभार तुम्ही पाहा. या दोन कलमांची ओढाताण नीट समजली की निम्मा अभ्यासक्रम झाला.

आणि ही ओढाताण तुम्हाला नवी नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी १९४७ मध्ये उपोषणाला बसले. बडवे-उत्पात या तिथल्या पिढीजात पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. त्यावरची कोर्टबाजी सर्वोच्च न्यायालयात संपली जानेवारी २०१४ मध्ये. ज्या गाभाऱ्यात तुमच्या घरचे आषाढीला डोकं टेकतात, तिथली पूजा कोणाच्या हाती असावी हा प्रश्न इतकी वर्षं न्यायालयात होता. वडिलांपाशी बसून हे बोला. राज्याने बडव्यांचे हक्क काढले ते योग्य केलं का? ते हो म्हणाले, तर पुढचं विचारा : मग राज्य उद्या आणखी कशात हात घालू शकतं, आणि कुठे थांबलं पाहिजे? दौऱ्याचा विषय हाच आहे.

मुंबईच का, याचं उत्तर फोर्टमध्ये आहे. पहिला दिवस उच्च न्यायालयात काढा. सुनावणी खुली असते, ओळखपत्र दाखवून आत जाता येतं, फोन बंद ठेवावा लागतो. आदल्या रात्री कॉज लिस्ट, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या खटल्यांची यादी, पाहून ठेवा. धर्म किंवा धर्मादाय न्यासाशी संबंधित एखादं मॅटर बोर्डावर असतंच. तासभर बसलात तरी एक गोष्ट लक्षात येईल : श्रद्धेचे प्रश्न इथे भाड्याच्या, पाणीपट्टीच्या आणि नोकरीच्या प्रश्नांच्या रांगेत, त्याच आवाजात चालतात.

टिळकांवर ज्या दालनात १९०८ चा राजद्रोहाचा खटला चालला ते दालन इथेच आहे, बाहेर त्यांचे शब्द कोरलेले आहेत. मराठी विद्यार्थी तिथे हमखास थांबतात, थांबावंच. पण त्यांना शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी त्याच वर्षी आणखी एक निकाल दिला, तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. आर. डी. टाटा यांच्या फ्रेंच पत्नीने जरथुस्त्री धर्म स्वीकारला होता. पारशी पंचायतीच्या विश्वस्त निधींचा, अग्यारीचा म्हणजे अग्निमंदिराचा आणि दखम्याचा म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याचा लाभ अशा धर्मांतरिताला मिळतो का, असा वाद उच्च न्यायालयात आला. दावर आणि बीमन या न्यायमूर्तींपुढे साक्षी झाल्या, धर्मग्रंथांचा कीस पाडला गेला. निष्कर्ष असा निघाला की धर्म धर्मांतराला मनाई करत नसला, तरी हे न्यास ज्यांच्यासाठी केले ती 'पारशी' नावाची जमात जन्मावर ठरते. पारशी बापाच्या परजातीय बायकोपासून झालेल्या मुलांना दावर यांनी त्यात जागा दिली. पारशी आईच्या तशाच मुलांचा प्रश्न त्यांच्या व्याख्येबाहेर राहिला आणि आजही त्यावर भांडणं होतात. एक न्यायाधीश, एका दाव्याच्या निमित्ताने, एका समाजाची कुंपणं आखून देतो, आणि शंभर वर्षांनंतरही समाज त्या कुंपणाच्या आत-बाहेर वावरतो.

हा निकाल वाचून मग अग्यारीपाशी जा. तुम्हाला आत सोडणार नाहीत. बरेच विद्यार्थी नाराज होतात, एखादा 'हा भेदभाव आहे' असं मोठ्याने म्हणतो. मी त्यांना दाराबाहेरच्या पाटीसमोर उभं राहून विचार करायला सांगते : एका लहान, घटत चाललेल्या समाजाने आपलं अग्निमंदिर परक्यांना बंद ठेवणं, आणि एका देवळाने गावातल्याच दलिताला बाहेर ठेवणं, यात कायद्याने फरक करावा का? करावा, तर कोणत्या आधारावर? अस्पृश्यता नष्ट करणारं १७वं कलम आठवा, मग २६वं. दार बंद असल्यामुळे हा तास फार चांगला जातो.

याहून मागे गेलात तर दोन खटल्यांची गोष्ट तरी माहीत असू द्या. दोन्हींत न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड होते. पहिला १८६२ चा महाराज लायबल केस. करसनदास मुळजी या पत्रकाराने 'सत्यप्रकाश'मध्ये वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, वर्तनावर लिहिलं, जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली. एका बड्या धर्मगुरूविरुद्ध अशी साक्ष देण्याला त्या काळात किती धैर्य लागलं असेल याचा विचार करा. निकालात अर्नोल्ड यांचं म्हणणं असं होतं की प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, आणि जे नीतीने वाईट ते धर्माने चांगलं असू शकत नाही. वाक्य ऐकायला सुरेख आहे. मीही कित्येक वर्षं वर्गात ते कौतुकाने सांगते. पण विद्यार्थ्यांनी तिथे थांबून विचारलंच पाहिजे, नीती कोणाची? एका परक्या सत्तेचा न्यायाधीश इथल्या धर्माला नीतीच्या तराजूत घालतो, आणि आपल्यातलेच सुधारक त्याला साथ देतात. दोघांचंही बरोबर असू शकतं का?

दुसरा १८६६ चा, आगाखान खटला. खोजा समाजातला एक गट म्हणत होता की आम्ही सुन्नी, जमातीच्या मालमत्तेवर आगाखानांचा हक्क नाही. निकाल देण्यासाठी अर्नोल्ड यांनी प्रेषितांनंतरच्या वारसाच्या वादापासून इस्माइली पंथाचा सगळा इतिहास मांडला आणि ठरवलं की खोजा हे शिया इमामी इस्माइली आहेत. हाताशी मालमत्तेचा दावा होता; निकाल लागला तो समाजाची धार्मिक ओळख काय, याचा. त्याआधी १८४७ मध्ये याच शहरात सर एर्स्किन पेरी यांनी खोजा आणि मेमनांच्या मुलींच्या वारसाहक्काचा निकाल देताना कुराणाऐवजी त्या समाजांची, हिंदूंसारखी असलेली रूढी लागू केली होती. मुली हरल्या. 'न्यायालयाने धर्मात पडू नये' असं म्हणणाऱ्याला आणि 'न्यायालयच स्त्रियांना न्याय देतं' असं म्हणणाऱ्याला, दोघांनाही हे निकाल अडचणीत आणतात.

हे दोन-तीन निकाल डोक्यात ठेवून मस्जिद बंदरला उतरा आणि चालत सुटा. सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ मध्ये उभं राहिलेलं बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, शार हारहमीम. आपल्या कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाणारे, घरात मराठी बोलणारे ज्यू ते हेच. त्याच परिसरात खोजांची जुनी वस्ती, पुढे मुंबादेवी, आणि भेंडी बाजारात दाऊदी बोहरांचं रौदत ताहेरा. तिथल्या संगमरवरी भिंतींवर आतून संपूर्ण कुराण सोन्याच्या अक्षरांत कोरलं आहे. पाहताना भान हरपतं.

भान परत आलं की १९६२ चा निकाल काढा. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये समाजबहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. बोहरांचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं; ज्यांच्या कबरीपाशी तुम्ही उभे असाल, तेच हे. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने कायदा रद्द केला : वाळीत टाकण्याचा अधिकार हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे. सरन्यायाधीश सिन्हा यांचं एकट्याचं भिन्न मत होतं की बहिष्कृताचं जगणं अस्पृश्यासारखं होतं, त्याचा स्वाभिमान राखणारा कायदा टिकला पाहिजे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे पाठवला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो मुख्यतः जातपंचायतींचा जाच डोळ्यांपुढे ठेवून. गावकीने घर वाळीत टाकल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. म्हणजे १९६२ चा प्रश्न बोहरांपुरता नाही.

आता हाजी अली. इथे एक पूर्ण सकाळ द्या, आणि भरतीची वेळ पाहून निघा, कारण दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. बायका पूर्वी मजारीपर्यंत, म्हणजे संताच्या कबरीपर्यंत, जात असत. २०११-१२ च्या सुमाराला विश्वस्तांनी त्यांना आतल्या भागात मज्जाव केला. नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण यांनी, म्हणजे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने, याचिका केली. २६ ऑगस्ट २०१६ ला उच्च न्यायालयाने बंदी उठवली. विश्वस्तांचा युक्तिवाद होता की पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांनी जाणं इस्लामला मंजूर नाही, आणि २६व्या कलमाने कारभार आमचा आहे. न्यायालय म्हणालं, ही बंदी धर्माचा अत्यावश्यक भाग असल्याचं तुम्ही दाखवू शकला नाहीत. पूर्वी बायका जात होत्याच. शिवाय हा सार्वजनिक न्यास आहे, समतेचं १४वं आणि १५वं कलम त्याच्या दाराशी थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयात विश्वस्तांनी प्रवेश देण्याची तयारी दाखवली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बायका पुन्हा आत गेल्या. पण व्यवस्था अशी झाली की स्त्री-पुरुष दोघांनीही मजारीपासून सारख्याच अंतरावर थांबायचं. बायकांना पुढे घेण्याऐवजी पुरुषांना मागे आणूनही समता साधते. ही समता पुरी आहे का, यावर माझ्या गटांत दरवेळी कडाक्याचं भांडण होतं आणि ते व्हावं अशीच माझी इच्छा असते.

'अत्यावश्यक धार्मिक प्रथा' ही कसोटी १९५४ च्या, उडुपीच्या शिरूर मठाच्या निकालातून आली. न्यायालयाने ठरवायचं, की धर्मातलं मूळ कोणतं आणि वरून चढलेलं कोणतं. मला ही कसोटी पटत नाही, स्पष्टच सांगते. न्यायाधीश पंडित-मौलवी होतो आणि भाविकाला आपली श्रद्धा अस्सल असल्याचा पुरावा द्यावा लागतो. स्त्रियांना दर्ग्यात प्रवेश मिळावा तो त्या समान नागरिक आहेत म्हणून; एखादी हदीस त्यांच्या बाजूने निघाली म्हणून नव्हे. पण माझं मत घेऊन तिथे जाऊ नका. तिथे बसलेल्या बायकांशी बोला. भिवंडीहून आलेल्या एका वयस्क बाईंनी माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं होतं की त्या स्वतः लांबूनच सलाम करतात, अदब म्हणून. पण सुनेला कोणी अडवलेलं मात्र त्यांना चालणार नाही. ही गोष्ट कोणत्याच युक्तिवादात नव्हती.

हाजी अलीहून वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. एकही पर्यटक इथे येत नाही आणि माझ्या मते दौऱ्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली देऊळ, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी असे सगळे एकाच व्याख्येत बसतात. प्रत्येक न्यासाची नोंद असते, तिला सगळे 'शेड्यूल वन' म्हणतात. तिचे रकाने वाचा : न्यासाचं नाव, विश्वस्तांची नावं, उत्तराधिकाराची पद्धत, उद्देश, जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, उत्पन्नाची साधनं. देवाचे दागिने एका रकान्यात, देवाची जमीन दुसऱ्यात. 'उत्तराधिकाराची पद्धत' हा रकाना तर मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावते. विश्वस्त वंशाने येतो, निवडून येतो की उरलेले विश्वस्त त्याला घेतात, यावर त्या देवस्थानात सत्ता कोणाची हे ठरतं. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवण्याचा अर्ज, टाकावा लागतो आणि त्या एका कागदावरून वीस-वीस वर्षं भांडणारी माणसं तुम्हाला त्या व्हरांड्यात भेटतील. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या, हेही हेच कार्यालय पाहतं. दान हे पुण्य असेल, पण कायद्याच्या नजरेत ते उत्तरदायित्वही आहे.

या कायद्यालाही आव्हान मिळालं होतं. एका जैन देवस्थानाचे वहिवाटदार आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कायदा टिकवला, न्यासांकडून घेतलं जाणारं अंशदानही योग्य ठरवलं. मात्र धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. हिशेब विचारता येईल, गाभाऱ्यात बसता येणार नाही. असं असूनही शेजारच्या प्रभादेवीला गेलात की १९८० च्या स्वतंत्र कायद्याने चालणारं सिद्धिविनायक मंदिर दिसेल, त्याचे विश्वस्त राज्य सरकार नेमतं. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी पाहा. मुसलमान न्यासांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा, कारण वक्फ म्हणजे इस्लामी धर्मादाय मालमत्ता पाहणारं वक्फ मंडळ आणि धर्मादाय आयुक्त यांच्यात कोणता न्यास कोणाकडे यावर मोठा वाद झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुसलमानाने केलेला प्रत्येक न्यास वक्फ नसतो.

व्यक्तिगत कायद्यांसाठी कुठे जायचं? वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात बघ्यासारखं जाऊन बसू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तिथे लोक आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी आलेले असतात. त्याऐवजी दोन गोष्टी करा. १९५१ चा नरसू अप्पा माळी खटला वाचा. छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी त्यात म्हटलं की व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत. समान नागरी कायद्यावरच्या आजच्या गदारोळाचं मूळ बरंचसं या निकालात आहे, आणि २ डिसेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत केलेल्या भाषणात. जन्मापासून मरणापर्यंत सगळंच धर्मात मोजलं तर सामाजिक कायदे करणंच अशक्य होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते भाषण मुळातून वाचा. त्याबरोबर १८ एप्रिल १९६६ आठवा. त्या दिवशी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधानभवनावर, नेला. तलाकबंदीसाठी सात बायका. तिहेरी तलाक रद्द ठरवणारा शायरा बानो निकाल आला २०१७ मध्ये.

दुसरं, विवाह नोंदणी कार्यालय. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस कार्यालयात ठळक जागी लावावी लागते. दोन वेगळ्या धर्मांची मुलगा-मुलगी धर्म न बदलता लग्न करू पाहतात तेव्हा राज्य त्यांची नावं फळ्यावर लावतं. फळा पाहा. फोटो काढू नका, नावं वहीत उतरवू नका, समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नका. अशा नोटिसांवरून जोडप्यांना त्रास दिला गेला आहे.

चैत्यभूमीला जाण्याआधी एवढं जाणून घ्या की धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा केंद्राने दिला तो १९९० मध्ये, आणि दलित ख्रिश्चन-मुसलमानांना तो अजून नाही. माहीमच्या दर्ग्याच्या उरुसाला मुंबई पोलीस मानाची चादर चढवतात. हा समभाव की राज्याचा धार्मिक विधी, यावर वाद घालायला हरकत नाही. भोंग्यांचे नियम २००० सालचे : निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. मंडप आणि मशीद दोन्हींना तेच. गणेशोत्सवात मात्र दौरा ठेवू नये. गर्दीत काहीच दिसत नाही आणि बोलायला कोणालाच वेळ नसतो.

१९९२-९३ च्या दंगली टाळून हा अभ्यास होत नाही. पण त्या वस्त्यांतून 'इथे काय झालं होतं?' असं विचारत फिरणं मला मान्य नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यावर दर सत्राला नवी तुकडी सोडायची का? श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल वाचा. ९०० मृत, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. पोलिसांबद्दल आणि राजकीय नेत्यांबद्दल आयोगाने काय नोंदवलं ते वाचा, आणि मग त्या अहवालाचं पुढे काय झालं यावर वर्गात बोला. कोणी आपणहून सांगू लागलं तर ऐकून घ्या, पेन खाली ठेवून.

तुमच्या माळेबद्दल. ती काढू नका, लपवू नका. दर्ग्यात डोकं झाका, चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागे उभ्या राहा, जैन देरासरात चामड्याची वस्तू नेऊ नका. प्रसाद, तबर्रुक घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. नको असेल तर हात जोडून नम्रपणे नको म्हणा, कोणी रागावत नाही. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी दिला जाणारा पवित्र भाकरीचा तुकडा मात्र ख्रिश्चन नसलेल्यांनी घेऊ नये, उत्सुकतेपोटीही नाही. गटातल्या कोणी आत यायला नकार दिला तर त्याला आग्रह करू नका. धर्मस्वातंत्र्यावरच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला जबरदस्तीने देवदर्शन घडवणं शोभत नाही. माझ्या पाहण्यात श्रद्धाळू विद्यार्थी या विषयात बऱ्याचदा जास्त बारीक प्रश्न विचारतात, कारण नियम पाळणं आणि तो पटणं यातला ताण त्यांनी घरी अनुभवलेला असतो.

तयारीला महिनाभर आहे असं धरा. निकाल इंग्रजीत आहेत, त्याची धास्ती घेऊ नका. मैत्रिणीबरोबर जोडी करा, एका वेळी एकच निकाल घ्या. आधी घटना काय घडली, मग प्रश्न काय होता, मग शेवटचा आदेश. मधली पानं नंतर. प्रत्येकाचं अर्धं पान मराठीत लिहून काढा. हाजी अली, १९६२ चा बोहरा निकाल, नरसू अप्पा आणि १९५४ चा न्यासांचा निकाल एवढे चार झाले तरी पुरे. दौऱ्यात वहीची डावी बाजू न्यायालयाने त्या जागेबद्दल काय म्हटलं त्यासाठी ठेवा, उजवी तिथे काय दिसलं आणि लोक काय बोलले त्यासाठी. दोन्ही बाजू जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा, रात्रीची चर्चा त्या खुणांवरच घ्या.

शेवटच्या निबंधाला मुंबईचा विषय घेऊ नका. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. कोल्हापुरातही धर्मादाय कार्यालय आहे. परत गेल्यावर तुमच्या गावच्या देवस्थानाची नोंद कुठे आहे ते शोधा. धर्मादाय कार्यालयाकडे नसेल तर ते देऊळ पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या ताब्यात आहे का ते पाहा. रीतसर अर्ज करून, शुल्क भरून शेड्यूल वनची नक्कल काढा. त्यात विश्वस्त कोण, कोणत्या जातीचे, बाई एकतरी आहे का, जमीन किती लिहिली आहे आणि गावात प्रत्यक्षात किती दिसते, यात्रेचे मान कोणाकडे आणि कोणत्या आधारावर, एवढं तपासा. वडिलांना बरोबर न्या. गावातल्या जुन्या माणसांना ते ओळखतात, मानाबद्दलचे वाद त्यांना तोंडपाठ असतील, आणि कागदात काय लिहिलं आहे ते वाचायची त्यांनाही उत्सुकता वाटेल.